जंतू दिसला, पण तोच दोषी कशावरून?

इ. स. १७६७ च्या मे महिन्यातील एक शुक्रवार. लंडनमधील शल्यविशारद जॉन हंटर यांनी लॅन्सेटच्या टोकावर थोडा पू घेतला. परमा झालेल्या एका पुरुषाच्या मूत्रमार्गातून तो आलेला होता. त्या टोकाने त्यांनी एका निरोगी माणसाच्या शिश्नावर दोन ठिकाणी टोचले आणि पुढे काय होते याची नोंद ठेवायला सुरुवात केली. टोचलेली जागा प्रथम खाजू लागली, मग लाल झाली, मग तेथे व्रण पडला. जांघेत गाठ आली. काही महिन्यांनी घशात व्रण झाले, अंगावर डाग उठले. पाऱ्याचे औषध देत, थांबवत, पुन्हा देत हे प्रकरण सुमारे तीन वर्षे चालले.

व्रण, जांघेतली गाठ, घसा, अंगावरचे डाग ही सारी उपदंशाची, म्हणजे आपल्याकडे ज्याला गरमी म्हणतात त्या रोगाची लक्षणे. टोचला होता मात्र परम्याचा पू. हंटर यांनी निष्कर्ष काढला की, परमा आणि उपदंश हे दोन रोग नाहीतच. विष एकच, ते कातडीवर पडले तर व्रण होतो आणि मूत्रमार्गाच्या आतल्या ओल्या अस्तरावर पडले तर पू वाहतो. १७८६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी हा प्रयोग मांडला आणि पुढील सुमारे अर्धशतक यूरोपातील पुष्कळ वैद्यांनी तो प्रमाण मानला.

निष्कर्ष साफ चुकीचा होता. परंतु शिक्षक मित्रहो, हा प्रयोग आणि त्यानंतरची दोनशे वर्षे यांची हकिगत तुमच्यापुढे ठेवण्याचे कारण त्या चुकीची गंमत वाटावी हे नाही. 'अमुक रोग तमुक जंतूमुळे होतो' हे वाक्य आपण वर्गात किती सहज उच्चारतो! पटकी अमक्या जंतूने, क्षय तमक्या जंतूने. मुले जोड्या जुळवतात, गुण मिळतात. त्या 'मुळे' या शब्दामागे किती माणसांचे किती श्रम आहेत, आणि कुठे कुठे किती अन्याय आहे, हे पाहायचे असेल तर पुरुषांच्या मूत्रमार्गदाहाइतके चांगले उदाहरण क्वचितच सापडेल. विषय संकोचाचा आहे हे खरे. पण या संकोचाचीही किंमत मोजावी लागली आहे आणि ती बहुतेक वेळा ज्यांचा दोष नव्हता त्यांनी मोजली आहे.

दुखणे आणि त्याची नावे

मूत्राशयातून लघवी बाहेर नेणारी नळी म्हणजे मूत्रमार्ग. प्रौढ पुरुषात ती साधारणपणे १८ ते २० सेंटिमीटर लांब असते. तिच्या आतल्या अस्तराला सूज आली की लघवीच्या वेळी जळजळ होते, टोकाशी खाज सुटते आणि पातळ किंवा दाट स्राव येतो. सकाळी उठल्यावर तो अधिक जाणवतो. या सुजेला मूत्रमार्गदाह म्हणतात.

या रोगाच्या नावांत जुन्या काळच्या समजुती गोठून राहिल्या आहेत. ग्रीक वैद्यांना वाटले की, हा स्राव म्हणजे आपोआप वाहणारे वीर्य. त्यावरून गोनोऱ्हिया, म्हणजे 'बीजाचा प्रवाह', हे नाव रूढ झाले आणि समजूत खोटी ठरूनही ते टिकून राहिले. आपला 'परमा' हा शब्द 'प्रमेह' या संस्कृत शब्दावरून आला. आयुर्वेदात प्रमेहाचे २० प्रकार सांगितले आहेत आणि त्यांत मधुमेहाचाही समावेश आहे. म्हणजे लघवीत काही बिघडले की प्रमेह, असा तो व्यापक शब्द. बोलीत येताना त्याचा अर्थ आकसून पू वाहणाऱ्या एकाच रोगापुरता उरला. मात्र एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. गरमी वेगळी आणि परमा वेगळा, असे दोन शब्द मराठी बोलणाऱ्यांनी आपले आपण वापरले. हंटरसाहेबांना जो फरक नाकारावासा वाटला, तो बोलीभाषेने राखला होता.

प्रयोग खरा, निष्कर्ष खोटा

हंटर हे कोणी सामान्य वैद्य नव्हते. देवीची लस देणारे एडवर्ड जेन्नर हे त्यांचे शिष्य. केवळ तर्क करत बसू नका, करून पाहा, हा त्यांचा शिष्यांना आग्रह असे. परम्याच्या काही रुग्णांना त्यांनी औषध म्हणून चक्क पावाच्या गोळ्या दिल्या आणि तेही रुग्ण औषधे घेणाऱ्यांसारखेच बरे होतात हे नोंदवून ठेवले. औषध दिले आणि रोगी बरा झाला, एवढ्यावरून औषधाचा गुण सिद्ध होत नाही, हे अठराव्या शतकात ज्याला कळले होते तो माणूस साक्षेपी होता यात शंका नाही. तरीही तो चुकला. कसा?

ज्याच्या मूत्रमार्गातून पू घेतला, त्या माणसाला बहुधा एकाच वेळी दोन्ही रोग होते. मूत्रमार्गाच्या आत उपदंशाचा व्रण असेल तर बाहेरून तो दिसत नाही. हंटर यांना वाटले की, आपण एक गोष्ट टोचली. प्रत्यक्षात टोचल्या दोन. त्यांची निरीक्षणे खरी होती, नोंदी प्रामाणिक होत्या. पण पदार्थ शुद्ध नव्हता. शिवाय निष्कर्ष काढला तो एकाच प्रयोगावरून. टोचून घेणारा माणूस कोण, हे त्यांनी लिहिले नाही. ते स्वतःच होते असे पुष्कळांनी मानले. इतिहासकारांत त्याविषयी मतभेद आहेत.

एकच विष मानल्यामुळे परम्याच्या रुग्णांनाही पाऱ्याची औषधे देण्याला बळ मिळाले. त्या औषधांनी दात हलत, लाळ गळे, हिरड्या सडत; आणि परमा बरा करण्याशी त्यांचा काही संबंध नव्हता. एका चुकीच्या निष्कर्षाची ही किंमत रुग्णांनी तोंडाने आणि हाडांनी मोजली.

एडिंबरोचे बेंजामिन बेल यांनी १७९३ साली उलट बाजू मांडली. काही तरुण विद्यार्थ्यांनी स्वतःवर करून घेतलेल्या प्रयोगांच्या आधारे त्यांनी हे दोन रोग वेगळे असल्याचे प्रतिपादन केले. पण हंटर यांचे नाव एवढे मोठे होते की, बेल यांचे फारसे कोणी ऐकले नाही. पुढे पॅरिसचे फिलिप रिकोर यांनी शेकडो रुग्णांवर अडीच हजारांहून अधिक वेळा टोचण्या करून १८३८ मध्ये हा प्रश्न बराचसा निकालात काढला. उपदंशाच्या व्रणातील द्रव टोचला तर व्रण होतो. परम्याचा पू टोचला तर होत नाही.

गंमत अशी की, एक चूक दुरुस्त करताना रिकोर दुसरी करून बसले. परमा उपदंशाहून वेगळा ठरला, तर मग तो होतो कशाने? रिकोर यांचे मत असे की, त्याला खास असे विष नाहीच. कसलीही चुरचुर, दाह, अतिरेक झाला की तो होऊ शकतो. म्हणजे ही साध्या सर्दीसारखी बाब. तेव्हा पुरुषांना झाला तर झाला, गेला तर गेला, असे मानण्याला शास्त्राचाच आधार मिळाला.

या बेफिकिरीवर पहिला घाव घातला तो न्यूयॉर्कमध्ये काम करणाऱ्या एमिल नोगेरात या जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञांनी. १८७२ मध्ये त्यांनी लिहिले की, लग्नापूर्वी परमा होऊन 'बरे' झालेले अनेक पुरुष प्रत्यक्षात बरे झालेले नसतात. रोग त्यांच्यात सुप्त राहतो, बायकोला लागतो आणि तिच्या गर्भाशयाच्या नळ्यांपर्यंत पोचून तिला कायमची वंध्य करतो. समव्यावसायिकांनी त्यांची टिंगल केली. त्यांनी आकडेवारी फुगवली होती हे खरे. पण मुद्दा खरा होता. मूल होत नाही म्हणून किती घरांत किती सुनांना बोल लावला गेला असेल, सवत आणली गेली असेल, याचा विचार केला म्हणजे हा मुद्दा किती जिव्हाळ्याचा होता ते कळते. पण तो सिद्ध करायचा तर रोगाची खूण दाखवायला हवी होती. ती सात वर्षांनी सापडली.

ब्रेस्लाऊमधील तरुण

ब्रेस्लाऊ हे त्या वेळी जर्मनीत असलेले शहर आज पोलंडमध्ये असून त्याचे नाव व्रॉत्स्वाफ आहे. १८७० च्या दशकात तेथे योग्य वेळी योग्य माणसे एकत्र आली होती. वनस्पतिशास्त्रज्ञ फर्डिनांड कोन यांच्या प्रयोगशाळेत येऊन १८७६ साली रॉबर्ट कॉख यांनी काळपुळीच्या जंतूचे प्रात्यक्षिक दाखवले होते. कार्ल वायगर्ट हे जंतूंना रंग देऊन ते दृश्य करण्याच्या पद्धती बसवत होते. येना शहरात एर्न्स्ट आबे आणि झाइस यांचा कारखाना नवी भिंगे तयार करत होता. भिंग आणि काचपट्टी यांच्यामध्ये तेलाचा थेंब ठेवून अधिक स्पष्ट प्रतिमा मिळवण्याची युक्ती १८७८ च्या सुमारास हाती आली.

आल्बर्ट नाइसर हे या शहरातील त्वचारोग विभागात साहाय्यक होते. वय २४. परम्याच्या रुग्णांचा पू त्यांनी काचपट्टीवर पातळ पसरला, वाळवला, मेथिल व्हायलेट या जांभळ्या रंगात बुडवला आणि नव्या भिंगाखाली पाहिला. पुवाच्या पेशींमध्ये जोडीजोडीने बसलेले गोल जंतू दिसले. दोन कॉफीच्या बिया सपाट बाजू समोरासमोर ठेवाव्यात तसे. पुरुषांच्या मूत्रमार्गात ते दिसले, स्त्रियांच्या स्रावात दिसले आणि डोळे चिकटलेल्या नवजात अर्भकांच्या पुवातही दिसले. इतर कारणांनी झालेल्या पुवात मात्र तसले जंतू आढळेनात. १८७९ साली त्यांनी हा शोध जाहीर केला. या जंतूला पुढे गोनोकॉकस हे नाव मिळाले.

पण शीर्षकातला प्रश्न येथेच उभा राहतो. पुवात जंतू दिसला, म्हणून पू त्यानेच केला असे कसे म्हणावे? उकिरड्यावर कावळे दिसतात. उकिरडा कावळ्यांनी केलेला नसतो. याचे उत्तर देण्यासाठी तीन पायऱ्या चढाव्या लागतात. जंतू रोग्याच्या शरीरात नेहमी सापडला पाहिजे. तो शरीराबाहेर शुद्ध स्वरूपात वाढवता आला पाहिजे. आणि तो शुद्ध जंतू निरोगी शरीरात सोडला असता तोच रोग झाला पाहिजे. कॉख यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कसोट्या आपल्याला परिचित आहेत. पहिली पायरी नाइसर यांनी गाठली. दुसरी १८८२ मध्ये लाइस्टिकोव्ह आणि लॉफ्लर यांनी. हा जंतू फार नाजूक. साध्या खाद्यावर वाढत नाही, थंडीत मरतो. १८८५ मध्ये एर्न्स्ट बुम यांनी मानवी रक्तद्रवावर त्याची वाढ केली आणि ती माणसाच्या मूत्रमार्गात सोडून परमा होतो हे दाखवले. हंटर यांच्या प्रयोगात जे नव्हते ते, म्हणजे शुद्ध पदार्थ, आता हाती होता. प्रयोग तोच, पण मधल्या ११८ वर्षांत 'शुद्ध' या शब्दाला अर्थ आला होता.

दरम्यान १८८४ साली डॅनिश वैद्य हान्स क्रिस्टियन ग्राम यांची रंग देण्याची पद्धत आली. गोनोकॉकस या पद्धतीत जांभळा रंग धरून ठेवत नाही, गुलाबी दिसतो. पांढऱ्या पेशींच्या पोटात गुलाबी जोड्या दिसल्या की पुरुषांमधील परम्याचे निदान झाले. आजही, ज्या दवाखान्यात सूक्ष्मदर्शकापलीकडे काही नाही तेथे, हे काम पंधरा-वीस मिनिटांत होते.

डोळ्यांनी दाखवलेली वाट

नवजात बालकांचे डोळे येणे हे एकोणिसाव्या शतकातील यूरोपात अंधत्वाचे एक मोठे कारण होते. आईच्या जननमार्गातून बाहेर येताना बाळाच्या डोळ्यांत रोग शिरतो. लाइपझिगचे प्रसूतितज्ज्ञ कार्ल क्रेडे यांनी १८८० च्या सुमारास प्रत्येक नवजात बाळाच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटच्या सौम्य द्रावणाचा एक एक थेंब टाकायला सुरुवात केली. त्यांच्या रुग्णालयात पूर्वी दर शंभरातील सुमारे दहा बाळांचे डोळे येत; ते प्रमाण अर्ध्या टक्क्याच्याही खाली गेले.

परमा आणि अर्भकांचे डोळे यांचे नाते असे पक्के झाले. पण शास्त्रात जे समजले त्यापेक्षा जे उरले ते पुष्कळदा महत्त्वाचे ठरते. काही बाळांचे डोळे यायचे, पण पुवात गोनोकॉकस नसायचा. काही पुरुषांना मूत्रमार्गदाह असायचा, पण तेथेही गोनोकॉकस नसायचा. असे रुग्ण वैद्यांना नीट वेगळे ओळखू येऊ लागले होते. परमा संसर्गानंतर साधारण २ ते ५ दिवसांत उफाळतो. पू दाट, पिवळा-हिरवट आणि जळजळ जबरदस्त. हे दुसरे दुखणे एक ते तीन आठवड्यांनी हळूच सुरू होते. स्राव पातळ, पांढुरका, कधी फक्त सकाळी एखादा थेंब, कधी तोही नाही. एका रोग्यावरून पाहून निदान करता येईल इतका हा फरक ठळक नसतो, पण शंभर रोग्यांत तो दिसतो. त्याला नाव मिळाले 'परमेतर मूत्रमार्गदाह'. 'इतर' हे काही कारण नव्हे. ती अज्ञानाची कबुली होती.

उत्तराचा धागा सापडला तो भलत्याच ठिकाणी. १९०७ साली जावा बेटावर नाइसर यांची एक संशोधन मोहीम माकडांवर उपदंशाचा अभ्यास करत होती. तिच्यातील लुडविग हाल्बरश्टेटर आणि श्टानिस्लाउस फॉन प्रोवाझेक यांनी जाता जाता खुपऱ्यांकडे लक्ष दिले. खुपऱ्या हा पापण्यांच्या आतल्या बाजूचा चिवट रोग. आपल्याकडच्या जुन्या लोकांना त्याचे नाव चांगले ठाऊक आहे. खुपऱ्यांच्या रोग्याच्या पापणीतील खरवड त्यांनी ओरांगउटानच्या डोळ्यांत घातली. काही दिवसांनी त्याच्या पेशी रंगवून पाहिल्या, तेव्हा पेशीच्या केंद्रकाला बिलगून बसलेले कणांचे पुंजके दिसले. पुंजक्याभोवती जणू एक झगा पांघरलेला होता. झग्याला ग्रीकमध्ये क्लॅमिस म्हणतात; त्यावरून आजचे क्लॅमिडिया हे नाव आले.

पुढच्या दोन-तीन वर्षांतच, व्हिएन्नाचे लिंडनर आणि इतर काही जणांच्या निरीक्षणांतून, तसेच पुंजके तीन ठिकाणी सापडले : गोनोकॉकस नसलेल्या डोळ्यांत, त्या बाळांच्या आयांच्या गर्भाशयमुखात आणि परमेतर मूत्रमार्गदाह झालेल्या पुरुषांत. म्हणजे १९१० पर्यंत साखळी डोळ्यांसमोर होती. तरीही ती सिद्ध व्हायला अर्धशतक गेले.

कारण दुसरी पायरी चढता येईना. हा जंतू कोणत्याही खाद्यावर वाढेना. आज आपल्याला ठाऊक आहे की, तो जिवंत पेशीच्या आतच वाढतो. पेशीबाहेर असताना तो केवळ ०.३ मायक्रोमीटर व्यासाचा टणक कण असतो. पेशीत शिरल्यावर तो सुमारे एक मायक्रोमीटरचा होतो, विभागतो, पुन्हा कणांचे रूप घेतो आणि दोन-तीन दिवसांत पेशी फोडून बाहेर पडतो. त्याला बरीच वर्षे विषाणूच समजत होते.

हा अडथळा ओलांडला चीनमधील तांग फेइफान यांनी. बीजिंगमध्ये १९५५ साली त्यांनी खुपऱ्यांची खरवड कोंबडीच्या अंड्यात, वाढत्या गर्भाच्या बलकाच्या पिशवीत टोचली. इतर जंतू मरावेत म्हणून त्यांनी स्ट्रेप्टोमायसिन वापरले; त्याने हा जंतू मरत नाही, पेनिसिलिनने मात्र त्याची वाढ खुंटते. हे काम १९५७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर तिसऱ्या पायरीसाठी त्यांनी वाढवलेला जंतू स्वतःच्या डोळ्यात घालून घेतला आणि खुपऱ्या होतात हे दाखवले. १९५८ मध्ये त्यांच्या संस्थेतील राजकीय मोहिमेत त्यांची जाहीर मानहानी झाली आणि त्याच वर्षी त्यांनी आत्महत्या केली. जगातील इतर प्रयोगशाळांना त्यांची पद्धत वाट दाखवत असताना त्यांच्या घरी मात्र हा अंधार होता.

लंडनमध्ये १९५९ साली अशाच पद्धतीने डोळे आलेल्या एका नवजात बाळापासून आणि त्याच्या आईपासून क्लॅमिडिया वेगळा केला गेला आणि १९६४ मध्ये पुरुषाच्या मूत्रमार्गातूनही. १९६५ नंतर तो प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींमध्ये पोसता येऊ लागला आणि एकेक अंडे फोडत बसण्याऐवजी शेकडो रुग्णांची तपासणी शक्य झाली.

तुलनेचा गट

आता प्रश्न विचारण्याची रीतच बदलली. 'जंतू रोग्यात आहे का?' एवढे विचारून भागत नाही. 'निरोग्यात किती आहे?' हेही विचारावे लागते. १९७५ साली सिॲटलमधील किंग होम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन गट तपासले. परमेतर मूत्रमार्गदाह असलेल्या ११३ पुरुषांपैकी ४८ जणांत, म्हणजे ४२ टक्क्यांत, क्लॅमिडिया सापडला. दाह नसलेल्या ५८ जणांत तो फक्त चौघांत, म्हणजे ७ टक्क्यांत होता. परमा झालेल्या ६९ जणांपैकी १३ जणांत तो गोनोकॉकसच्या जोडीने होता.

या तिसऱ्या आकड्यातच हंटर यांची कहाणी पुन्हा डोकावते. एकाच माणसात दोन जंतू! पेनिसिलिनच्या इंजेक्शनने परमा जायचा, पण काही पुरुषांना आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा पातळ स्राव सुरू व्हायचा. औषध फसले, किंवा हा पुन्हा बाहेर जाऊन आला, अशी शंका घेतली जायची. प्रत्यक्षात मागे उरलेला असायचा तो क्लॅमिडिया.

होम्स यांच्या आकड्यांत आणखी एक आव्हान होते. ४२ टक्के समजले. ५८ टक्क्यांचे काय? एक संशयित तयार होता. १९५४ मध्ये अमेरिकेत मॉरिस शेपर्ड यांना अशा रुग्णांत अतिसूक्ष्म वसाहती करणारे, पेशीभित्तिका नसलेले जिवाणू आढळले होते. त्यांना आज यूरिआप्लाझ्मा म्हणतात. पण हे जिवाणू निरोगी पुरुषांतही मुबलक सापडतात. मग दोषी म्हणावे कसे? १९७७ साली ब्रिटनमधील संशोधकांनी हंटर यांच्याच वाटेने जाऊन शुद्ध यूरिआप्लाझ्मा स्वतःच्या मूत्रमार्गात सोडून घेतला. त्यांना दाह झाला. म्हणजे हा जंतू रोग करू शकतो. पण प्रत्येक वेळी ज्याच्यात सापडला त्याच्यात त्यानेच केला असे नव्हे. 'करू शकतो' आणि 'केला' यांतला फरक विद्यार्थ्यांना समजला तर निम्मे विज्ञान समजले असे मला वाटते.

दुसरा संशयित अधिक गुंतागुंतीचा निघाला. १९८० मध्ये लंडनमधील अशा १३ पुरुषांचे नमुने अमेरिकेत एका विशेष खाद्यावर ठेवले गेले. त्यांतील दोघांच्या नमुन्यांत कित्येक आठवड्यांनंतर एक नवाच जिवाणू उगवला. त्याला मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम म्हणतात. तो इतका संथ वाढतो की, त्यानंतर दहा वर्षे त्याच्याबद्दल ठामपणे काही सांगणे जवळजवळ अशक्य होते. जनुकीय द्रव्याच्या असंख्य प्रती काढण्याची पीसीआर पद्धत आल्यावर, जंतू न वाढवता तो शोधता येऊ लागला. १९९३ मधील लंडनच्या एका अभ्यासात तो मूत्रमार्गदाह झालेल्या २३ टक्के पुरुषांत आणि न झालेल्या ६ टक्के पुरुषांत आढळला. पुन्हा तीच कसोटी, पुन्हा तुलनेचा गट. १९९५ साली या जिवाणूचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला : जेमतेम ५ लाख ८० हजार अक्षरे आणि सुमारे ४७० जनुके. स्वतंत्रपणे वाढवता येणाऱ्या सजीवांपैकी सर्वांत लहान जनुकसंच असणारा म्हणून, कमीत कमी किती जनुकांवर जीवन चालू शकते या प्रश्नाच्या अभ्यासात तो मानाचे स्थान मिळवून बसला.

याशिवाय ट्रायकोमोनास हा शेपट्यांचा आदिजीव (पॅरिसच्या आल्फ्रेड दोने यांनी तो १८३६ मध्येच स्त्रियांच्या स्रावात पाहिला होता), हर्पिसचा विषाणू आणि डोळे येण्याबरोबर कधी कधी मूत्रमार्गदाह करणारा ॲडिनोविषाणू हेही यादीत आहेत. एवढे करूनही आज पुष्कळ रुग्णांत कोणताच जंतू सापडत नाही. 'इतर' हा रकाना लहान झाला आहे. रिकामा झालेला नाही.

औषधे आणि माणसे

उपचारांचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९३७ च्या सुमारास सल्फा औषधे आली. १९४० च्या दशकाच्या मध्यापर्यंत गोनोकॉकसने त्यांना दाद देणे मोठ्या प्रमाणात बंद केले होते. मग पेनिसिलिन आले. सुरुवातीला सुमारे दीड लाख युनिट पुरत. १९७० च्या दशकात ४८ लाख युनिट द्यावी लागू लागली. १९७६ मध्ये पेनिसिलिनचे विघटन करणारे गोनोकॉकस सापडले. टेट्रासायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन यांचीही तीच गत झाली. २०१८ साली इंग्लंडमधील एका रुग्णात सेफ्ट्रिॲक्सोन आणि ॲझिथ्रोमायसिन या दोन्ही मुख्य औषधांना न जुमानणारा परमा आढळला. झोलिफ्लोडॅसिन आणि जेपोटिडॅसिन ही नवी औषधे अलीकडे मोठ्या चाचण्यांत उतरली आहेत; पण दुकानातून आपल्या मनाने दोन गोळ्या आणून खाण्याची सवय सुटली नाही, तर त्यांचेही आयुष्य मोठे असणार नाही.

आता त्या किमतीविषयी. १८६४ ते १८६९ या काळात इंग्लंडमध्ये आणि १८६८ मध्ये भारतात सांसर्गिक रोगांचे कायदे झाले. सैनिकांना रोग होऊ नये म्हणून वेश्यांची सक्तीने तपासणी करायची आणि रोगी आढळल्यास त्यांना कोंडून उपचार करायचे, असे त्यांचे स्वरूप होते. मुंबईतही हा कायदा लागू झाला होता. ज्या स्त्रियांना ही तपासणी सोसावी लागली, त्यांच्याकडे येणाऱ्या पुरुषांना मात्र ती नव्हती. परमा पुरुषात ठळकपणे दिसतो आणि स्त्रीत बहुधा लपून राहतो. म्हणजे तपासणी सोपी ज्यांची, ते मोकळे. इंग्लंडमध्ये जोसेफिन बटलर यांनी याविरुद्ध लढा दिला. तेथील कायदे १८८६ मध्ये आणि भारतातील १८८८ मध्ये रद्द झाले.

आणि नाइसर? ज्यांच्या सूक्ष्मदर्शकाने ही सारी कथा बदलली, त्यांनीच उपदंशावर लस शोधण्यासाठी, दुसऱ्या आजारांसाठी दाखल झालेल्या काही मुली व स्त्रियांना उपदंशाच्या रोग्यांचा रक्तद्रव टोचला. त्यांना काहीही न सांगता, न विचारता. १८९८ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. त्यांतील काहींना पुढे उपदंश झाला. तो त्यांच्या व्यवसायामुळे झाला, असे नाइसर यांचे म्हणणे. प्रकरण गाजले, त्यांना दंड झाला आणि १९०० साली प्रशियाच्या सरकारने आज्ञा काढली की, माणसाला समजावून सांगितल्याशिवाय आणि त्याच्या स्पष्ट संमतीवाचून असा प्रयोग करता येणार नाही. अशा प्रकारच्या जगातील पहिल्या आज्ञांमध्ये तिची गणना होते. 'मुळे' सिद्ध करण्याची तिसरी पायरी ही कुणाच्या तरी शरीरावरून जाते, हे विसरता कामा नये. तांग यांनी ती स्वतःच्या डोळ्यावरून नेली. नाइसर यांनी परक्या मुलींच्या अंगावरून.

वर्गात हा विषय निघाला, आणि वरच्या वर्गांत तो निघायलाच हवा, तर दोन गोष्टी जरूर सांगाव्यात. पहिली व्यवहाराची. लघवीची जळजळ किंवा स्राव ही लाजेची बाब नाही, तपासून घेण्याची आहे. आपल्या सरकारी रुग्णालयांत लैंगिक आजारांसाठी मोफत, गोपनीय तपासणीची सोय असते. तेथे गोनोकॉकस आणि क्लॅमिडिया या दोघांवर एकाच वेळी औषध देतात. ते का, हे हंटर यांच्या लॅन्सेटपासून येथवर वाचत आलेल्याला वेगळे सांगायला नको. उपचार जोडीदारालाही द्यावे लागतात, नाहीतर नोगेरात यांनी सांगितलेली कथा पुन्हा घडते.

दुसरी गोष्ट विज्ञानाची. पुढच्या वेळी 'अमुक रोग कशामुळे होतो?' असा प्रश्न फळ्यावर लिहाल, तेव्हा त्याच्याखाली आणखी एक ओळ लिहून पाहा : 'हे कशावरून?' पहिल्या प्रश्नाचे उत्तर मुलांना पाठ असेल. दुसऱ्याला वर्ग थोडा वेळ शांत राहील. ती शांतता मोडण्याची घाई करू नये.